विश्लेषण : ब्ल्यू मार्लिन गळाला लागतो, मग निसटतो कसा?

खोल समुद्रातील 'गेम फिशिंग'मध्ये मासा दिसणे, तो गळाला लागणे आणि तो बोटीपाशी येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या तिन्हींतील अंतर कमी कसे करतात? आणि हतनूरकाठी गळ टाकणाऱ्याला त्यातून काय घेता येईल?

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला, हतनूरच्या फुगवट्याकाठी किंवा गिरणेच्या एखाद्या डोहावर संध्याकाळी गळ टाकून बसलेल्यांना एक दृश्य नवे नाही. पाण्यावरचे बूच हलते, नवखा पोरगा जोरात झटका मारतो आणि वर येतो रिकामा गळ. आमिषही गेलेले असते. मग शेजारचा जुना माणूस सांगतो, आधी खाऊ दे, मग ओढ.

हीच चूक हजारो किलोमीटर दूर, निळ्याशार पाण्यात, महागड्या भाड्याच्या बोटीवर रोज होते. फरक इतकाच, की तिथे समोर पाव किलोचा मासा नसतो. कधी कधी तो तीनशे किलोंचा असतो.

हा मासा नेमका कोणता?

मराठी वाचकाची मार्लिनशी ओळख बहुधा पुस्तकातूनच झालेली असते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची १९५२ सालची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरिका पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. ८४ दिवस रिकाम्या हाताने परतलेल्या म्हाताऱ्या सांतियागोला जो अजस्र मासा सापडतो, तो मार्लिन.

वरचा जबडा भाल्यासारखा लांब, पाठ गर्द निळी, पोट रुपेरी. कुपा, म्हाकूळ असे वेगवान भक्ष्य तो खातो. भाल्याने तडाखा देऊन भक्ष्याला बधिर करायचे, मग वळून ते गिळायचे, ही त्याची एक पद्धत. नर सहसा दीडशे किलोंच्या आसपास थांबतात. जे राक्षसी आकाराचे मार्लिन पकडले जातात त्या माद्या असतात. गळाने पकडलेल्या अटलांटिक ब्ल्यू मार्लिनचा जागतिक विक्रम १९९२ साली ब्राझीलच्या व्हिटोरियासमोर झाला : सुमारे ६३६ किलो.

आपल्या किनाऱ्यावर तो का मिळत नाही?

अरबी समुद्र आपल्याला आहेच की, असे वाटेल. पण ब्ल्यू मार्लिनला खोल पाणी लागते. मुंबईसमोर समुद्राचा तळ इतका हळूहळू उतरतो, की उथळ पट्टा संपायला तीनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. एका दिवसाच्या हौशी सहलीत ते शक्य नाही.

अंदमान किंवा लक्षद्वीपला मात्र बेटापासून थोडे पुढे गेले की तळ खोल जातो. म्हणून भारतात गेम फिशिंगचे नाव निघाले की आधी अंदमान आठवते. सेल्युलर जेल पाहायला जाणारे मराठी पर्यटक स्वराज द्वीपाला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, पोहोचतात तेव्हा तिथल्या बोटवाल्यांकडे ही सोय असते. तिथे मुख्य आकर्षण 'जायंट ट्रेव्हली' हा मासा आहे. मार्लिन आणि सेलफिश हे नशिबाचे पाहुणे. म्हणूनच आलेली संधी हुकली की ती जास्त लागते.

'हूक-अप रेट' म्हणजे काय?

क्रिकेटमधल्या स्ट्राइक रेटसारखेच हे गणित. अनुभवी कप्तान दिवसाचा हिशेब तीन आकड्यांत सांगतात : किती मासे आमिषामागे वर आले, त्यांतील किती गळाला लागले, किती बोटीपाशी आणता आले. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातील नाते म्हणजे हूक-अप रेट. पहिला आकडा समुद्राच्या हातात. दुसरा बराचसा माणसाच्या.

मार्लिन निसटण्यामागे त्याचे तोंडच आधी आडवे येते. ते हाडासारखे कठीण. गळाचे टोक बोथट असेल तर ते घसरते. शिवाय तो आमिषावर आधी भाला मारतो. त्या धक्क्याने माणूस दचकून दांडी ओढतो, आणि मासा तोंड उघडण्याआधीच आमिष त्याच्यासमोरून निघून जाते. तिसरी वेळ उडीची. हवेत डोके झटकताना दोरी सैल पडली, की गळ सुटलाच.

दोन प्रकारचे आमिष, दोन प्रकारची घाई

मार्लिनसाठी बोट चालू ठेवून मागे आमिषे ओढतात. याला ट्रोलिंग म्हणतात. प्लॅस्टिकच्या झालरीचे बनावट आमिष साधारण ताशी १३ ते १७ किलोमीटर वेगाने ओढले जाते. इथे मासा वाट पाहत नाही, आपणही पाहायची नसते. पण झटकाही मारायचा नसतो. गळ रुतवण्याचे काम बोटीचा वेग आणि रिळाचा आधीच ठरवलेला ताण करतात. मासा लागताच बोट लगेच थांबवली, तर दोरी सैल पडून तो जाऊ शकतो. म्हणून कप्तान थोडा वेळ पुढेच जात राहतो. दांडीवर धावून जाणाऱ्या उत्साही पाहुण्याला हे पटवणे अवघड असते.

खऱ्या माशाचे आमिष असेल तर खेळ बदलतो. मार्लिनने ते घेतले की रीळ मोकळे सोडतात, दोरी जाऊ देतात, काही सेकंद थांबतात. मग ताण हळूहळू वाढवत नुसते रीळ फिरवायचे. हतनूरकाठचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडतो. मात्र त्याला एक अट आहे, ती म्हणजे गळ.

गोल गळाने काय बदलले?

नेहमीचा गळ इंग्रजी 'जे' अक्षरासारखा, टोक वर असलेला. 'सर्कल हूक' किंवा गोल गळाचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, याने मासा लागेलच कसा? पण मासा आमिष गिळून वळला, की ताण येताच हा गळ घशात न रुतता घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. झटका मारला तर उलट तो अडकण्याआधीच तोंडाबाहेर पडतो. म्हणजे हा गळ घाई करणाऱ्याला शिक्षाच देतो. प्रशांत महासागरातील बेटांवरचे लोक हाड-शिंपल्यांपासून अशा आकाराचे गळ फार पूर्वीपासून घडवत आले आहेत. हौशी मासेमारीला ते उशिरा सुचले.

ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर १९९९ साली मार्लिनचाच भाऊबंद असलेल्या सेलफिशवर दोन्ही गळांची तुलना झाली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोल गळाने मासा लागण्याचे प्रमाण 'जे' गळाच्या १.८३ पट भरले. गोल गळाने लागलेल्या माशांपैकी ८५ टक्के जबड्याच्या कोपऱ्यात अडकले होते. 'जे' गळात हे प्रमाण २७ टक्के. घसा किंवा पोटात गळ रुतल्याचे प्रमाण गोल गळात २ टक्के, तर 'जे' गळात ४६ टक्के. रक्तस्राव होण्याची शक्यता 'जे' गळाने २१ पट.

पुढे २००५ च्या एका अभ्यासात व्हाइट मार्लिनवर उपग्रहाला माहिती पाठवणारे टॅग लावून त्यांना सोडण्यात आले. गोल गळाचे २० पैकी २० जगले. 'जे' गळाचे २० पैकी ७ मेले. हे सातही मासे 'सोडून दिले' म्हणूनच मोजले गेले असते, हे लक्षात घ्या. अमेरिकेने २००८ पासून अटलांटिकमधील अशा माशांच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत गोल गळ सक्तीचा केला.

सांतियागो मार्लिनला आमिष पुरते गिळू देतो आणि मग दोन्ही हातांनी जोरात ओढतो. त्याला तो मासा विकायचा होता. त्याच्यासाठी ते बरोबरच होते. फोटो काढून मासा सोडणाऱ्याने तसे केले, तर तो मेलेला मासाच सोडत असतो.

ताण किती ठेवायचा?

सर्वसाधारण नियम असा : दोरी तुटण्याच्या भाराच्या पाव ते एक तृतीयांश. दोरी ३६ किलोंची असेल तर ९ ते १२ किलो. हा अंदाज बोटाने घ्यायचा नाही. निघण्यापूर्वी हुकाचा स्प्रिंग काटा दोरीला लावून मोजायचा.

इथे एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. मासा दोरी घेऊन पळतो तसतसे रिळावरचे वेटोळे बारीक होत जाते आणि ब्रेक न हलवताही ताण वाढतो. वेटोळ्याचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचा रोध वेगळाच. अशा वेळी ब्रेक थोडा सैल करायचा असतो. घाबरलेला माणूस तो आवळतो, आणि दोरी तुटते.

इतकी काळजी कशासाठी?

हिंद महासागरातील ब्ल्यू मार्लिनचा साठा घटलेला आहे आणि पकडही जास्त आहे, असे हिंद महासागर टूना आयोगाच्या २०२२ च्या मूल्यांकनात दिसले. भारत या आयोगाचा सदस्य आहे. मोठा वाटा कुप्यासाठी टाकलेल्या लांब दोऱ्यांचा आणि जाळ्यांचा. हौशी दांडीवाल्यांचा नव्हे. तरीही मोठी मादी गमावणे म्हणजे तिची लाखो अंडी गमावणे. म्हणून बोटीपाशी आलेला मासा वर न उचलता पाण्यातच ठेवतात, बोट हळू पुढे नेत त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ देतात आणि त्याने शेपटी मारली की सोडतात.

खान्देशात हे कुठे उपयोगी पडेल?

जिवंत किंवा कापलेल्या माशाच्या आमिषावर मरळ, वाम यांच्यासाठी बसणाऱ्याने लहान गोल गळ वापरून पाहावा. कणकेच्या गोळीला हळूच चोखणाऱ्या रोहू-मृगळाला मात्र नेहमीचा बारीक गळच अनेकांना सोयीचा वाटतो. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारणे बरे.

गोल गळ घेताना तो टेबलावर आडवा ठेवा. सपाट बसला तर ठीक. टोक एका बाजूला उचललेले असेल, तर तो खोल रुतण्याचा धोका वाढतो. धार पाहायची तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा : घसरले तर कानस काढा, रुतले तर आमिष लावा.