ट्रेलरसाठी डिस्क निवडताना

आमच्या मालेगावातून लुंगी-साडीचा माल घेऊन सटाणा, नामपूर, ताहाराबादच्या बाजारांना जाणारे व्यापारी बहुतेक टेम्पोच वापरतात. काही जण मात्र जीपला दोनचाकी ट्रेलर जोडतात. बाजारात ट्रेलर सोडून जीप मोकळी करता येते, हा त्याचा मोठा फायदा. हल्ली हौशी मंडळीही झोपण्याची सोय असलेले ट्रेलर जीपमागे लावून डोंगरात जातात. आत कापड असो की बिछाना, कच्च्या रस्त्यावर सारा भरवसा दोन डिस्कवर असतो. (रिमला गॅरेजवाले डिस्कच म्हणतात.)

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने जुन्या डिस्कची एक जोडी स्वस्तात घेतली. ताजा काळा रंग पाहून समाधान मानले. सेलबारीच्या घाटात एका डिस्कचा मधला पत्रा रिमपासून सुटला. ट्रेलर कलंडला, साड्यांचे गठ्ठे चिखलात गेले आणि मागचा मोटारसायकलवाला थोडक्यात बचावला. नंतर रंग खरवडला तेव्हा खाली जुने वेल्डिंग निघाले. म्हणून जुनी डिस्क घेताना बोल्टच्या छिद्रांभोवतीचा आणि मधल्या जोडावरचा रंग खरवडून पाहावा. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा.

पहिला हिशेब वजनाचा. ट्रेलर मालासह १२०० किलो भरत असेल तर प्रत्येक चाकावर ६०० किलो आले. पण खड्ड्यात एक चाक आपटते तेव्हा हा आकडा कितीतरी वाढतो. म्हणून ७५० किलो किंवा त्याहून अधिक भार सोसणारी डिस्क घ्यावी. चांगल्या कंपनीच्या डिस्कवर मापे आणि बहुधा भाराचा आकडाही ठोकलेला असतो. आकडाच नसेल तर तो सौदा सोडावा.

दुसरी गोष्ट छिद्रांची. शक्यतो ट्रेलरला जीपच्याच मापाची डिस्क आणि टायर बसवावे, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. जिप्सी आणि बोलेरो या गाड्यांना पाच बोल्ट असतात आणि बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच असतो. सहा छिद्रे असतील तर समोरासमोरच्या दोन छिद्रांचे अंतर मोजले की झाले. पाच छिद्रांत समोर छिद्र येत नाही. तेथे शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर घेऊन त्याला १.७ ने गुणावे. ८२ मिलिमीटर आले तर माप १३९ च्या आसपास निघते. 'जवळपास बसते, नट आवळला की बसेल' असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. असे बोल्ट वाटेत तुटतात.

रुंदीचेही पाहावे. २१५/७५ आर १५ टायरला ६ जे, म्हणजे ६ इंच रुंदीची रिम योग्य. जास्त रुंद आणि बाहेर निघालेली डिस्क दिसायला भारदस्त वाटते, पण भार बेअरिंगपासून दूर जातो आणि बेअरिंग लवकर खराब होते. तरुण मुलांना हे पटवणे कठीण आहे.

लोखंडी की अलॉय? शहरात अलॉय शोभते, वजनालाही साधारणपणे हलके असते. पण दगडावर जोरात आपटले की अलॉयला तडा जाऊ शकतो, लोखंडी डिस्क बहुधा वाकते. वाकलेली कड ठोकून हवा धरण्याइतकी सरळ करता येते आणि जवळच्या गावापर्यंत पोहोचता येते. तेवढ्यापुरतेच, घरी आल्यावर ती बदलावी. आमचे मत लोखंडी डिस्कच्या बाजूने आहे.

ट्यूबलेस टायर लावायचे असेल तर रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा आहे का, हे बोट फिरवून पाहावे. ट्यूबच्या जुन्या रिमला तो नसतो. नट ज्या जागी टेकतो तेथे रंगाचा जाड थर असेल तर तो काढावा, नाहीतर रंग दबून नट ढिले होतात. नवी डिस्क बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून सर्व नट पुन्हा आवळावेत. तोच पाना स्टेपनीजवळ ठेवावा.