व्होडकात अननस मुरवला म्हणून बार अडचणीत! काय होता कॅलिफोर्नियाचा नियम?

व्होडकाच्या बरणीत अननसाच्या फोडी टाकायच्या, दोन-चार दिवस मुरू द्यायच्या आणि ती व्होडका गाळून कॉकटेलमध्ये वापरायची. याला इन्फ्युजन म्हणतात. कृती साधी आहे. पण 2010 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मद्य नियंत्रण विभागाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या बारना बजावलं, की हे बेकायदा आहे.

असं का?

अमेरिकेत दारू बनवणं, घाऊक विकणं आणि ग्राहकाला देणं यांचे परवाने साधारणपणे वेगवेगळे असतात. बारचा परवाना विक्रीचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र तयार दारूला रंग किंवा स्वाद देणाऱ्यालाही 'रेक्टिफायर', म्हणजे दारूवर प्रक्रिया करणारा, धरलं जायचं आणि त्याचा परवाना वेगळा होता. त्यामुळे अननस मुरवणारा बारवाला कागदोपत्री उत्पादकच ठरत होता.

मग कॉकटेल कसं चालायचं?

ऑर्डर आल्यावर ग्लासात रस किंवा लिंबू मिसळायला हरकत नव्हती. आक्षेप होता तो आधीच मुरवून ठेवण्याला.

इतका कडकपणा कशासाठी?

अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्या काळात औद्योगिक अल्कोहोलला रंग-स्वाद देऊन ते व्हिस्की म्हणून खपवलं जायचं. त्यातल्या मिथेनॉलमुळे अनेकांची दृष्टी गेली, अनेकांचा जीव गेला. हा धोका आपल्यालाही माहीत आहे. 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. म्हणूनच दारूत कुणी, कुठे, काय मिसळलं याचा माग सरकारला हवा असतो. शिवाय करवसुलीही त्यावरच चालते.

पुढे काय झालं?

सिनेटर मार्क लेनो यांनी विधेयक मांडलं आणि 2011 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यावर सही केली. आता तिथले बार दारूला स्वाद देऊ शकतात. अट एकच: ती त्याच ठिकाणी बनवायची आणि तिथेच प्यायला द्यायची. मात्र कंपनीच्या रिकाम्या बाटलीत दुसरी दारू भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. म्हणून मुरवणं वेगळ्या बरणीतच.

महाराष्ट्रात काय?

आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाने मिळतात. परमिट रूमचा एफएल-3 परवाना विक्रीसाठी असतो. दारू बनवण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे मेन्यूवर कोकम व्होडका किंवा जांभूळ जिन आणण्याआधी हॉटेलवाल्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाला लेखी विचारलेलं बरं. आणि ग्राहक असाल, तर बरणीत मूळ दारू कोणती आहे, हे विचारायला लाजू नका.