जुन्या श्रोत्यांना 'वुडलँड'मध्ये काय ऐकू येतं?

अमेरिकी लोकसंगीतातली गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज ही जोडी १९९६ पासून अल्बम काढते आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांचा 'वुडलँड' आला. त्यात दहा गाणी आहेत, सगळी स्वतःची, आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावं आहेत. स्वरचित गाण्यांच्या अल्बमवर दोघांची नावं एकत्र येण्याची ही पहिलीच वेळ. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण आम्हा जुन्या श्रोत्यांना तो इतका जवळचा का वाटतो, हे पारितोषिकातून कळत नाही. त्यासाठी या दोघांची गाण्याची रीत आणि त्यांनी चालून आलेली वाट समजून घ्यावी लागते.

वेल्च न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि लॉस एंजेलिसमध्ये वाढली. तिचे आईवडील टीव्हीवरच्या लोकप्रिय विनोदी कार्यक्रमासाठी संगीत लिहीत. कॅलिफोर्नियात कॉलेजात असताना तिच्या कानावर स्टॅनली ब्रदर्स पडले आणि आपला सूर तिला तिथे सापडला. पुढे बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात रॉलिंग्ज भेटला. १९९२ मध्ये तिने नॅशव्हिल गाठलं, पाठोपाठ तोही आला. १९९६ मध्ये 'रिव्हायव्हल' हा पहिला अल्बम निघाला तेव्हा काही समीक्षकांनी विचारलं, की शहरात वाढलेल्या मुलीला डोंगराळ अ‍ॅपलेशियाच्या गरिबांची, अनाथांची गाणी गाण्याचा हक्क काय? उत्तर त्या दोघांनी वाद घालून दिलं नाही. ते गात राहिले, आणि आज तरुण गायक त्यांचीच गाणी परंपरेतली म्हणून गातात.

दोन गळे, दोन गिटार

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात भावाभावांच्या जोड्या रेडिओवर गात. मनरो ब्रदर्स, डेलमोर ब्रदर्स, ब्लू स्काय बॉइज ही त्यातली गाजलेली नावं. दोन गळे आणि दोन तंतुवाद्यं, एवढ्यावर त्यांचं गाणं उभं असे. वेल्च आणि रॉलिंग्ज यांची रीत तिथूनच आली. मात्र त्यांच्या स्वरमेळात एक वेगळेपण आहे. रॉलिंग्ज नेहमीच मुख्य सुराच्या वरचा, कानाला सरावाचा स्वर धरत नाही. तो मुद्दाम थोडा बोचणारा स्वर निवडतो, त्यावर जरा जास्त वेळ थांबतो आणि मग सोडवून घेतो. त्या थांबण्यात गाण्यातलं दुःख साठतं. त्याच्या हातात १९३५ ची एपिफोन ऑलिंपिक गिटार असते. ती लहान अंगाची आहे, तिचा आवाज बारीक आणि धारदार. वेल्चच्या भरदार ठेक्यावरून ती लकेरी घेत जाते.

जात्याचा एकच खुंटा धरून दोघी दळायला बसल्या की एकीची ओढ दुसरीच्या हाताला लगेच कळते. या दोघांचं गाणं तसं आहे. ते समोरासमोर बसून, एकाच वेळी, टेपवर ध्वनिमुद्रण करतात. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्येही उतरतो. त्यामुळे कुणा एकाची चूक मागाहून वेगळी काढून दुरुस्त करणं कठीण. श्वास, बोटांची सरसर, शब्द उच्चारण्याआधीची घटकाभर शांतता, हे सगळं गाण्यात राहतं.

मधली वाट

२००१ चा 'टाइम (द रेव्हलेटर)' हा या जोडीचा मैलाचा दगड. त्यातलं शेवटचं गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं आहे. 'एव्हरीथिंग इज फ्री' हे गाणंही त्यातलंच. इंटरनेटवर गाणी फुकट वाटली जाऊ लागली होती, त्या काळात कलावंतानं पोट कसं भरायचं आणि तरीही गाणं का सोडवत नाही, हा त्याचा विषय. तो प्रश्न आजही तसाच असल्यामुळे नव्या पिढीतल्या अनेकांनी ते गायलं आहे. हा अल्बम त्यांनी अ‍ॅकनी या स्वतःच्या कंपनीतर्फे काढला. पुढे २००३ मध्ये 'सोल जर्नी' आला आणि नंतर आठ वर्षं वेल्चच्या नावावर काहीच नाही. २०११ मध्ये 'द हॅरो अँड द हार्वेस्ट' आला. मनासारखी गाणी होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. त्याच अल्बमची एलपी निघायला २०१७ उजाडलं, कारण तबकडी कोरण्याचं यंत्र मिळवून ते काम त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं.

छप्पर उडालेला स्टुडिओ

'वुडलँड' हे पूर्व नॅशव्हिलमधल्या त्यांच्या स्टुडिओचं नाव. तो त्यांच्याकडे येण्याआधीही नामांकित होता. नव्या आणि जुन्या पिढीच्या कलावंतांना एकत्र आणणारा नीटी ग्रिटी डर्ट बँडचा १९७० च्या दशकातला गाजलेला अल्बम तिथेच ध्वनिमुद्रित झाला. मार्च २०२० मध्ये टोर्नेडोनं या इमारतीचं छप्पर उडवलं आणि पाऊस आत शिरला. आयुष्यभराच्या कामाच्या मूळ टेप तिथे होत्या. दोघांनी अंधारात टेप आणि वाद्यं हलवून ती वाचवली. त्यानंतर टाळेबंदी आली. घरात बसून त्यांनी इतरांची आणि परंपरेतली गाणी टेपवर घेतली आणि 'ऑल द गुड टाइम्स' हा अल्बम त्याच जुलैमध्ये काढला. पुढे स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि नव्या अल्बमला त्याचंच नाव दिलं.

म्हणूनच या अल्बममध्ये काय टिकलं आणि काय गेलं, याकडे आमचं लक्ष जातं. 'एम्प्टी ट्रेनलोड ऑफ स्काय'मध्ये रिकाम्या मालगाडीच्या डब्यांतून आरपार आकाश दिसतं. पोकळीकडे भीतीनं पाहावं की मोकळेपणानं, हे ठरवण्याचं काम गाणं ऐकणाऱ्यावर सोडतं. 'हॅशटॅग' हे २०१६ मध्ये गेलेल्या गाय क्लार्क या गीतकाराच्या आठवणीतलं गाणं. जोडी नवखी असताना त्यानं त्यांना आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं होतं. कलावंताचं नाव सगळीकडे झळकायला त्याला मरावं लागतं, ही त्यातली खंत. 'व्हॉट वी हॅड'मध्ये रॉलिंग्ज पुढे येऊन उंच पट्टीत गातो आणि मागे व्हायोलिनांचा मेळ आहे. काही गाण्यांत ड्रम आणि बास आहेत.

दोन गिटारींवर जीव असलेल्या श्रोत्याला हा भरणा खटकू शकतो. मला तो हवासा वाटला. वाद्यं वाढली तरी दोन गळ्यांमधलं अंतर वाढलेलं नाही, आणि 'हाउडी हाउडी' या शेवटच्या गाण्यात तर पुन्हा ते दोघेच आहेत. वेल्चचा आवाज पूर्वीपेक्षा खोल झाला आहे. १९९६ मध्ये ती म्हाताऱ्या माणसांची दुःखं कल्पनेनं गात होती; आता वयानं कमावलेली गाते. हा फरक कानाला कळायला मधली वर्षं त्यांच्यासोबत काढावी लागतात. जुन्या श्रोत्याचं प्रेम सवयीतून येतं असं म्हणतात, मला ते पटत नाही. तीच माणसं तीच रीत धरून बदलत कशी जातात, हे ऐकण्यासाठी तो थांबलेला असतो.

ज्यांनी ही जोडी अजून ऐकलेली नाही, त्यांनी आधी 'टाइम (द रेव्हलेटर)', मग 'द हॅरो अँड द हार्वेस्ट' आणि त्यानंतर 'वुडलँड' लावावा. प्रत्येक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न मोडता ऐकावा. एवढा वेळ दिला, की जुन्या श्रोत्यांना हा अल्बम का भावला हे वेगळं सांगावं लागणार नाही.