स्टार वॉर्सची युगं नक्की पाडली कोणी? 9 बीबीवायची भानगड समजून घ्या

इन्स्टावर कोणीतरी ओबी-वान केनोबीची क्लिप टाकतं. खाली कमेंट येते, "ही तर 9 बीबीवायची स्टोरी." आणि आपण डोकं खाजवतो. सिरीज आली 2022 ला, मग हे 9 कुठून काढलं?

तर विषय असा आहे. स्टार वॉर्सच्या जगात शून्य साल म्हणजे याविनची लढाई. 1977 च्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी ल्यूक स्कायवॉकर डेथ स्टार उडवतो, ती. त्याच्या आधीची वर्षं बीबीवाय, नंतरची एबीवाय. आपलं इसवी सनपूर्व आणि इसवी सन, तसंच.

आता गंमत बघा. 2022 च्या ‘अँडोर’मध्ये सुरुवातीलाच पडद्यावर ‘बीबीवाय 5’ अशी पाटी येते. पाच वर्षांनी लढाई होणार हे त्यातल्या कुणालाच माहीत नाही. ‘इ.स.पू. 50’ असा छाप असलेलं नाणं सापडावं, तसला प्रकार. पण पाटी त्या पात्रांसाठी नाहीच, आपल्यासाठी आहे.

आणि आपल्याला तिची गरज पडते, कारण ही गोष्ट सरळ कधी सांगितलीच गेली नाही. आधी पुढचं आलं, मग 1999 पासून मागचं, मग 2015 पासून त्याच्याही पुढचं. पहिल्या सिनेमावर ‘एपिसोड 4’ हा शिक्का तर 1981 ला, री-रिलीजच्या वेळी बसला.

एप्रिल 2023 मध्ये लंडनच्या स्टार वॉर्स सेलिब्रेशनमध्ये लुकासफिल्मने सगळ्याची नऊ युगं मांडली. पहिलं ‘डॉन ऑफ द जेडाय’, सिनेमांच्या 25 हजार वर्षं आधीचं. मग ‘ओल्ड रिपब्लिक’. मग ‘हाय रिपब्लिक’, ज्याची पुस्तकं 2021 पासून यायला लागली.

चौथं युग ‘फॉल ऑफ द जेडाय’. एपिसोड 1 ते 3 यात येतात. खरी मेख इथे आहे. जुन्या कादंबऱ्यांमध्येही युगांचा तक्ता छापलेला असायचा आणि त्यात याच सिनेमांच्या काळाचं नाव होतं ‘राइज ऑफ द एम्पायर’. साल तेच, घटना त्याच. एकाने लिहिलं साम्राज्याचा उदय, दुसऱ्याने लिहिलं जेडायचा अस्त.

पुढे ‘रेन ऑफ द एम्पायर’ आणि त्यानंतर ‘एज ऑफ रिबेलियन’. साम्राज्य दोन्हीकडे तेच, सम्राटही तोच. बंडखोर एकत्र यायला लागले म्हणून युग बदललं. (मला विचाराल तर सगळ्यात भारी रेघ हीच आहे. खुर्ची कोणाकडे यापेक्षा लोक काय करतायत, यावर मारलेली.) मग ‘न्यू रिपब्लिक’, म्हणजे मँडलोरियनचा काळ, आणि ‘राइज ऑफ द फर्स्ट ऑर्डर’, म्हणजे 2015 नंतरची ट्रिलॉजी.

आता शेवटचं, नववं युग, ‘न्यू जेडाय ऑर्डर’. हे नाव वाचून जुने वाचक चपापले असतील, कारण याच नावाची 19 कादंबऱ्यांची मालिका 1999 ते 2003 मध्ये आली होती. डिस्नेने 2012 मध्ये लुकासफिल्म घ्यायची घोषणा केली आणि एप्रिल 2014 मध्ये या सगळ्या पुस्तकांवर ‘लेजंड्स’ असा शिक्का मारला. म्हणजे वाचा बिनधास्त, पण अधिकृत इतिहासात हे घडलेलं नाही. ज्यांनी वीसेक वर्षं पैसे साठवून ती पुस्तकं घेतली, त्यांच्या कपाटातलं अख्खं युग एका घोषणेत टाइमलाइनमधून गेलं.

थ्रॉनचंच घ्या. टिमथी झान यांच्या 1991 च्या ‘एअर टू द एम्पायर’ मधला हा निळा अॅडमिरल. 2014 ला ते पुस्तक बाद झालं. दोनच वर्षांनी, 2016 ला, तो ‘रिबेल्स’मध्ये परत आला आणि 2023 ला ‘असोका’मध्येही दिसला. त्याचं पुस्तक मात्र अजून ‘लेजंड्स’च्याच रांगेत आहे.