विक्री दुप्पट, तरी तोटा

इंटेल आणि एएमडी या चिप कंपन्यांत आर्थिकदृष्ट्या धडधाकट कोण? नुसती विक्री पाहिली तर फसगत होते. 2024 मध्ये इंटेलची विक्री सुमारे 53 अब्ज डॉलर, एएमडीची जेमतेम 26 अब्ज. तरीही इंटेलला जवळपास 19 अब्जांचा तोटा झाला. एएमडी नफ्यात राहिली. या तोट्याचा मोठा भाग कागदोपत्री मूल्यकपातीचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

खरी मेख कारखान्यांत आहे. एएमडीने 2009 मध्ये आपले कारखाने वेगळे काढले. आता तिच्या आघाडीच्या चिप तैवानची टीएसएमसी बनवते. इंटेलचे कारखाने स्वतःचे. यंत्रं बसली की घसारा सुरू, ऑर्डर येवोत न येवोत. म्हणून मी आधी ढोबळ नफा, म्हणजे घसाऱ्यासह उत्पादनखर्च वजा जाता उरणारी रक्कम, पाहतो: 2024 मध्ये शंभर डॉलरच्या विक्रीमागे एएमडीकडे 49 उरले, इंटेलकडे 33. संशोधनाचा खर्चही त्यातूनच भागवायचा.