नीतीची कसोटी आणि युक्तिवादाची पारख

काय करावे हे सांगणे म्हणजे नीतिशास्त्र नव्हे. ते का करावे याचे कारण देणे आणि ते कारण कसोटीला उतरते की नाही हे पाहणे, हा नीतिशास्त्राचा गाभा होय. पदवीवर्गात शिकविले जाणारे नैतिक सिद्धान्त पुष्कळदा परीक्षेपुरतेच पाठ होतात. प्रस्तुत लेखात आम्ही ते मराठवाड्याने प्रत्यक्ष भोगलेल्या एका प्रश्नाला, म्हणजे विद्यापीठाच्या नामांतराला, लावून पाहणार आहोत.

पाश्चात्त्य नीतिविचारात तीन सिद्धान्त प्रमुख मानले जातात. पहिला उपयुक्ततावाद. बेंथॅम आणि मिल यांच्या मते ज्या कृतीने अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक सुख साधते ती योग्य. दुसरा कर्तव्यवाद. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा असे म्हणता आले पाहिजे, आणि कोणाही माणसाला केवळ साधन म्हणून वापरता कामा नये, असे कांट सांगतो. तिसरा ॲरिस्टॉटलचा सद्गुणवाद. तो कृतीच्या आधी कर्त्याच्या शीलाकडे पाहतो.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे तिन्ही विचार सर्वस्वी अपरिचित वाटणार नाहीत. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवादसुत्तात तथागत राहुलाला कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासण्यास सांगतात. तिच्यामुळे स्वतःला, दुसऱ्याला वा उभयतांना पीडा होते काय, हा तेथील प्रश्न आहे. ही परिणामांची कसोटी झाली. संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्यसुत्तात, जे मला अप्रिय ते दुसऱ्यालाही अप्रिय, मग ते मी त्याच्यावर कसे लादावे, असा विचार आहे. ही समानतेची कसोटी झाली. आणि चेतनेला कर्म मानल्यामुळे कर्त्याचे चित्तही तपासणीतून सुटत नाही. तथापि बुद्धाला मिल अथवा कांट यांचा पूर्वसूरी ठरविण्याची घाई करू नये. साम्य दाखविणे वेगळे आणि एकरूपता सिद्ध करणे वेगळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करताना न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या स्पष्टपणे योजल्या होत्या. त्यांचे ते लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रकाशित केले.

आता वस्तुस्थिती पाहू. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली झाली. त्याच्या आधी आठ वर्षे, १९५० साली, बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढून या प्रदेशात उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास त्यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. हिंगोलीसह असलेला तेव्हाचा परभणी जिल्हाही या झळीतून सुटला नाही. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

या सोळा वर्षांत वारंवार केला गेलेला एक युक्तिवाद घेऊ. नाव दिले तर शांतता भंगेल, शांतता राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे, म्हणून नाव देऊ नये. युक्तिवादात वस्तुस्थितीचे विधान, तत्त्व आणि निष्कर्ष हे तीन भाग वेगळे करून पाहावेत. येथे पहिले विधान अगदीच खोटे नव्हते आणि दुसरे तत्त्वही मान्य होण्याजोगे आहे. दोष निष्कर्षात आहे. शांतता भंगणार होती ती नावामुळे नव्हे, तर नावाला विरोध म्हणून हिंसा करणाऱ्यांमुळे. तेव्हा कर्तव्य निघते ते हिंसा आवरण्याचे. शिवाय, जो हिंसेची धमकी देईल त्याचे ऐकावे, हा नियम सर्वांसाठी कोणाला मान्य होईल? उपयुक्ततेच्या हिशेबातही ज्यांची घरे जळाली त्यांचे दुःख आणि धमकी फळते या शिकवणीचे दूरगामी परिणाम धरावेच लागतात.

दुसरा युक्तिवाद असा की, 'मराठवाडा' हे नाव पुसले जाईल. हैदराबाद मुक्तिसंग्राम लढलेल्या प्रदेशाची ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु १९९४ साली तो शब्द कायम राहिला आणि या आक्षेपाचा आधारच उरला नाही. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे २०१३ साली परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले, आणि त्यासाठी कोणाचे घर जळाले नाही. महापुरुषाचे नाव आणि पुढे 'मराठवाडा', ही रचना तिन्ही ठिकाणी एकच आहे. या तुलनेने १९७८ सालच्या मूळ ठरावावरील आक्षेपाचे उत्तर मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र नामविस्तारालाही ज्यांचा विरोध होता, त्यांना या तीन नावांत नैतिक भेद कोणता, याचे उत्तर द्यावे लागते. समान गोष्टींना समान न्याय द्यावा, नाहीतर भेदाचे कारण दाखवावे.

हीच कसोटी आपल्या बाजूलाही लावणे अगत्याचे आहे. विरोधक जातीयवादी आहे म्हणून त्याचा प्रत्येक युक्तिवाद खोटा, असे म्हणणे तर्कदुष्ट आहे. त्याचा हेतू दूषित असेल, पण विधानाची सत्यता विधानावरूनच ठरवावी लागते. तसेच, बाबासाहेब म्हणाले म्हणून ते सत्य, एवढ्यावर थांबणे कालामांना दिलेल्या उपदेशाशी विसंगत आहे. परंपरा, ग्रंथ, ऐकीव वार्ता, वरवरचा तर्क, किंवा हे आमचे गुरू आहेत ही भावना, यांपैकी कशावरही विसंबून मत स्वीकारू नये, असे तथागतांनी केसमुत्त नगरीत सांगितले. नामांतराची मागणी न्याय्य होती ती आमची होती म्हणून नव्हे. तिच्यामागची कारणे कोणाही निःपक्षपाती माणसासमोर मांडता येत होती, म्हणून ती न्याय्य होती.

विहारातील अभ्यासवर्गात तरुणांनी आजचा कोणताही वाद घेऊन हा क्रम गिरवावा. वस्तुस्थिती काय, तत्त्व कोणते, निष्कर्ष खरोखर त्यातून निघतो काय, पीडा कोणाला होते आणि आपण त्या जागी असतो तर हाच निर्णय मान्य केला असता काय, हे प्रश्न विचारावेत. घोषणेने माणसे एकत्र येतात हे खरे. परंतु अन्याय करणाऱ्याला निरुत्तर करण्याचे आणि आपल्या हातून अन्याय होऊ न देण्याचे सामर्थ्य तपासून घेतलेल्या कारणांतच असते.