लंडनमधले लिहिणाऱ्यांचे घर

विलायतेत झाडून सगळे लोक शिकलेले असतात, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. तसे काही नाही. 1970 नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये सुमारे 20 लाख प्रौढांना नीट लिहिता-वाचता येत नाही, असा अंदाज तिथल्याच लोकांनी केला होता. ही माणसे शाळेत गेलेली होती. पण मागच्या बाकावर बसली आणि तशीच बाहेर पडली. पुढे कुणी गाडी चालवू लागला, कुणी कारखान्यात लागला. फॉर्म भरायची वेळ आली, की म्हणायचे, “चष्मा घरी राहिला.” हे निमित्त आपल्याला काही नवे नाही!

अशा माणसांसाठी 1975 साली तिथल्या बीबीसीने टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू केला. त्यात घरसामान वाहणारा एक ड्रायव्हर दाखवला होता. त्याला वाचता येत नव्हते. तो कार्यक्रम पाहून हजारो माणसे वर्गांना येऊ लागली.

मला सांगायचे आहे ते लंडन शहरातल्या एका घराविषयी. त्या घरात नुसते वाचायला शिकवत नसत. तिथे साधी माणसे लिहायला बसत, आणि त्यांनी लिहिलेले छापून निघे.

लंडनच्या पूर्व भागात हॅकनी नावाची वस्ती आहे. तेव्हा ही गरीब, कष्टकरी लोकांची वस्ती होती. घरोघर शिवणकाम, लाकूडकामाचे छोटे कारखाने. वेस्ट इंडीज बेटांतून आणि इतर देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबेही पुष्कळ. अशा वस्तीत पुस्तकांचे दुकान कोण घालणार? पण 1971 साली ते निघाले. ग्लेन थॉम्प्सन नावाच्या माणसाने पुढाकार घेतला. तो मूळचा अमेरिकेतला, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. तो स्वतः लहानपणी वाचायला फार उशिरा शिकला होता. हॅकनीत तो तरुण पोरांमध्ये काम करी. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी या जागेचे नाव ठेवले ‘सेंटरप्राइज’. 1974 साली ती जागा मोठ्या रस्त्यावरच्या घरात गेली.

खाली पुस्तकांचे दुकान. त्याला लागून कॉफीचे हॉटेल. बाकीच्या खोल्यांत वर्ग आणि बैठका. घरभाड्याची भानगड असो की नोकरीची, सल्ला द्यायलाही तिथे माणसे बसत. ही जोडणी मोठी शहाणपणाची. नुसत्या पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकायला गरीब माणूस बिचकतो. चहा-कॉफी प्यायला मात्र कुणालाही जाता येतं. पीत पीत शेजारचे पुस्तक उघडून पाहता येतं.

या घराने छापलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक होते कवितांचे. कवी कोण? बारा वर्षांचा एक मुलगा! व्हिव्हियन अशरवुड त्याचे नाव. तो जमेका बेटातून आलेला. शाळेत त्याला मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात बसवले होते. 1972 साली त्याची छोटीशी वही छापली, आणि तिच्या हजारो प्रती खपल्या. मोठमोठ्या कवींच्या वाट्याला हे येत नाही.

आता मोठ्या माणसांचा वर्ग कसा चाले ते पाहू. नव्याने वाचायला शिकणाऱ्या बाप्याच्या हातात ‘हा बोका, तो डबा’ असले पोरांचे पुस्तक दिले, तर त्याला लाज वाटते. म्हणून तिथे वेगळी रीत होती. शिकणाऱ्याने आपली हकीकत तोंडाने सांगायची. शिकवणाऱ्याने ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरायची. मग तोच कागद त्याचा धडा! शब्द स्वतःचेच, तेव्हा ओळखीचे असतात, आणि अक्षरे भरभर लागतात. पुढे तोच माणूस स्वतःच्या हाताने चार ओळी लिहू लागतो.

आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचे असेच झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या गाणी म्हणत, आणि घरातली लिहिती माणसे ती उतरून घेत. 1951 साली बहिणाबाई वारल्या. 1952 साली त्यांची गाणी पुस्तकात आली. जेवढी उतरून घेतली तेवढी राहिली. बाकीची गेली.

वाचण्याच्या वर्गाशिवाय त्या घरात लिहिणाऱ्यांची बैठक भरे. वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फळा आणि मास्तर येतात. इथे तसे नसते. माणसे आपापले कागद घेऊन येतात. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. वाचून झाले की ऐकणारे बोलतात. काय डोळ्यांपुढे उभे राहिले ते सांगतात, कुठे कळले नाही ते विचारतात.

समजा, एका बाईने लिहिले, “माझे बालपण फार हालात गेले.” यावर नुसती मान डोलावली, तर गोष्ट तिथेच संपली. पण कुणी विचारते, “बाई, हाल म्हणजे काय ते सांगा ना!” मग ती सांगू लागते. आई रात्री दिव्यापाशी कोटांची काजे करायची. डझनामागे पैसे मिळायचे. आम्ही पोरे बटणे मोजून द्यायचो, आणि एक बटण हरवलं तर सगळं घर पालथं घालायचो. “अहो, मग हेच लिहा!” बैठकीतली माणसे म्हणतात. पुढच्या खेपेला ती हरवलेले बटण घेऊन येते. लिहिणे सुधारते ते असे. कुणी नियम पाठ करून घेतले म्हणून नव्हे.

मी जन्मभर मास्तरकी केली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की अजून हात शिवशिवतो. तरी मला ही रीत पटते. आधी माणसाला सांगायचे ते सांगू द्यावे. शुद्धलेखन मागाहून पाहता येते, आणि छापण्यापूर्वी ते पाहावेच. पण पहिल्याच ओळीवर लाल शाई ओतली, तर दुसरी ओळ येतच नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचेही मोठे काम या घरात झाले. टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याशी बोलायचे, बोलणे उतरून काढायचे, ते त्यांना दाखवायचे आणि मग छापायचे. कुणी जोडे शिवणारा, कुणी शिवणकाम करणारी. 1980 साली वाचायला शिकणाऱ्या बायकांच्या लिखाणाचे एक पुस्तक निघाले. विषय होता बाळंतपण! निरनिराळ्या देशांतल्या बायकांनी आपापला अनुभव सांगितला. मला विचाराल तर असे पुस्तक कुठल्याही पंडिताला लिहिता आले नसते.

अशी मंडळे इतर गावांतही निघाली होती. 1976 साली त्यांनी मिळून आपला एक संघ केला. मग सरकारी पैसा वाटणाऱ्या आर्ट्‌स कौन्सिलकडे या संघाने मदत मागितली. सुरुवातीला उत्तर काय आले? तुमचे काम समाजाच्या भल्याचे असेल, पण हे लिखाण साहित्य म्हणून उतरत नाही! यावर खूप वाद झाला. संघाचे लोक म्हणाले, साहित्य कशाला म्हणायचे हे ठरवणारे तुम्ही कोण? मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे कळते. छापलेले सगळेच उत्तम नसते, हे खरे. पण ज्यांच्याविषयी आजवर दुसऱ्यांनीच लिहिले, त्यांनी स्वतः लिहिले तर ते वाचल्यावाचून बाजूला कसे ठेवावे?

घर चालवणे सोपे नव्हते. पुस्तके स्वस्त ठेवायची, तर पैसा उरत नाही. इमारत नगरपालिकेची, भाडे नाममात्र. पुढे माणसे बदलली, काम बदलले. शेवटच्या काळात तिथे काळ्या लेखकांच्या साहित्यावर जास्त भर होता. मग नगरपालिकेने बाजारभावाने भाडे मागितले. तंटा कोर्टापर्यंत गेला, आणि 2012 साली सेंटरप्राइजचे दार बंद झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते घर चालले होते.

त्यानंतर काही माणसे पुन्हा रेकॉर्डर घेऊन निघाली. या वेळी दुकान सांभाळणारे, वर्ग घेणारे, छपाई पाहणारे, अशांना गाठून त्यांच्या तोंडून त्या घराची हकीकत त्यांनी उतरून घेतली. 2017 साली तिचेही पुस्तक झाले.